सात फण्यांखालचे डोळे

सिंधूबाईंशी माझी खरी ओळख झाली ती त्यांनी मला गदागदा हलवून झोपेतून उठवलं त्या दुपारी.

दौंड तालुक्यातल्या राहू गावाजवळच्या आमच्या वस्तीवर विहाराचं काम चाललं होतं. मी समितीचा चिटणीस. कुरकुंभच्या कंपनीत मला रात्रपाळी असायची, त्यामुळं दिवसा कामावर थांबणं माझ्याच वाट्याला आलं होतं. मार्चचं ऊन तापायला लागलं होतं. भाकरी खाऊन मी भिंतीला पाठ टेकली आणि डोळा लागला. कुणीतरी खांदा धरून हलवलं. बघतो तर समोर सिमेंटनं राखाडी झालेले दोन हात आणि एक भेदरलेला चेहरा.

"नाव सांगा," सिंधूबाई म्हणाल्या. "आधी तुमचं नाव सांगा."

मी सांगितलं. माझ्या ओठांकडं बघत त्यांनी ते ऐकलं आणि परत बांबूच्या परांचीवर चढल्या. बाकीच्यांना यात काही नवल वाटलं नाही. त्यांच्या हाताखाली माल कालवणारी धुरपदा म्हणाली, एस्टीत शेजारचा माणूस पेंगला तरी बाई त्याला उठवतात, नाव विचारतात. शिव्याही खाल्ल्यात त्यांनी त्यापायी.

सिंधूबाई मूळच्या भांडगावच्या. दिली होती पाथरवटाच्या घरात. लग्न झालं तेव्हा दगडाची कामं संपत आली होती आणि देवळांच्या शिखरांवर सिमेंटच्या मूर्ती बसायला लागल्या होत्या. नवरा पोपटराव सळयांचा सांगाडा बांधायचे, वर माल चढवायचे. नाकडोळे, बोटं, दागिने अशी नाजूक कामं बाईंची. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत त्यांच्या हातचे गरुड, हनुमान, द्वारपाल उभे आहेत. बारा वर्षांमागं पोपटराव साप चावून गेले. लोकांना ठाऊक होतं ते एवढंच. त्यानंतर बाईंनी एकटीनं कामं घेतली, मुलगी सारिका हिला शिकवलं, तिला शिक्रापूरला एका कंपनीत चिकटवलं आणि तिच्यासोबत तिथंच हायवेलगत एका खोलीत राहायला लागल्या. फक्त नाग घडवायचा त्यांनी सोडला. शंकराची मूर्ती असली तर गळ्यातला नाग दुसऱ्याकडून करून घ्या म्हणायच्या. बाई सापाला भ्यायल्या, असं सगळे समजून होते. मीही.

अशा बाईला आम्ही मुचलिंद नाग करायला बोलावलं, ते ईश्वर आप्पांमुळं.

आप्पा दौंडला रेल्वेत गार्ड होते. नोकरीत मिळालेल्या पासावर त्यांनी अजिंठा पाहिला, सांची पाहिली, बुद्धगयेला तीनदा जाऊन आले. फोटोंचा एक जाडजूड अल्बम त्यांच्याकडं होता. विहारात मूर्ती कसली बसवायची यावर बैठक झाली तेव्हा आप्पांनी तो अल्बम उघडून मधे ठेवला. वेटोळ्यांवर बसलेला बुद्ध आणि डोक्यावर सात फण्यांचं छत्र. पोरांना ते पटलं नाही. आपण नागपंचमी सोडली, आता विहारात नाग आणला तर म्हाताऱ्या बायका लाह्या अन् दूध घेऊन येतील, असं सत्यजीत म्हणाला. तो आमच्या समितीतला सगळ्यात शिकलेला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

आप्पांनी त्याला अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्याचा फोटो दाखवला. बाहेरच्या बाजूला नागराजा बसलाय, शेजारी त्याची राणी, तब्येतीत. लेण्याच्या दारात नाग, स्तूपाभोवती नाग, श्रीलंकेत पायरीच्या दोन्ही अंगाला नाग. आत गाभाऱ्यात त्याची पूजा कुठंच नाही, तो आपला उंबऱ्याशी उभा असतो, असं आप्पा म्हणाले.

"ह्यो पुजायचा नाग न्हाई, सत्यजीत," ते म्हणाले. "राखण करायचा हाय. तोंडात विष असून ज्यानं ते आत ठेवलं, असा हाय. माणसाला ह्याच्याकडून तेवढंच शिकायचंय."

मग आप्पा आणि मी शिक्रापूरला गेलो. सिंधूबाईंनी नेहमीसारखा नकार दिला. आप्पांनी आग्रह केला नाही. चहा संपेपर्यंत त्यांनी गोष्ट तेवढी सांगितली. बोध झाल्यावर बुद्ध एका झाडाखाली डोळे मिटून बसले होते. अवकाळी वादळ आलं, सात दिवस पाऊस आणि गार वारा. त्या झाडाशी राहणारा नागराज मुचलिंद बाहेर आला, त्यानं सात वेढे घालून बुद्धांना आत घेतलं आणि वर फणा धरला. आभाळ उघडल्यावर वेढे सोडले, माणसाचं रूप घेतलं, हात जोडले आणि गेला.

बाईंनी बशी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "ते झोपलं व्हतं का, तवा?"

"झोपलं न्हवतं. डोळं मिटून बसलं व्हतं."

"आन् नाग?"

"नागाला पापणी नसती, बाई. तो सात दिवस बघत बसला."

बाहेरून ट्रकामागून ट्रक जात होते, खोलीतली भांडी बारीक थरथरत होती. बाई उठल्या, कप उचलले आणि मोरीकडं जाताजाता म्हणाल्या, "करते मी."

काम झपाट्यानं उठलं. सहा फुटी सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर माल. आम्हाला धास्ती होती ती नागाची. पण नाग बाईंनी अकरा दिवसांत पुरा केला, आणि असा केला की बघणारा दोन पावलं मागं सरायचा. वेढ्यांवरचं खवलं न् खवलं त्यांनी गवंडीकामाच्या छोट्या करणीच्या टोकानं उचललं होतं. मग बुद्धांचं अंग झालं, चीवराच्या घड्या झाल्या, मांडीवरचे हात झाले, ओठ झाले. आणि काम थांबलं.

डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे राहिले होते. रोज सकाळी बाई यायच्या, वर चढायच्या, थोडा माल बोटावर घेऊन त्या खळग्यांपाशी न्यायच्या. मग तो माल त्यांच्या बोटावरच वाळायचा. संध्याकाळी गोणपाट ओलं करून मूर्तीवर टाकायच्या आणि निघून जायच्या. एप्रिल उजाडला तरी असंच चाललं होतं. वस्तीतल्या बायका पाण्याला जाताना विहार टाळून पलीकडच्या बांधानं जायला लागल्या. मला स्वतःला एकट्यानं आत थांबवेना. वरून उघड्या डोळ्यांच्या सात जोड्या येणाऱ्यावर रोखलेल्या आणि खाली चेहऱ्याला डोळेच नाहीत. भर दुपारी बाराला तिथं अंगावर काटा यायचा. एकदा सत्यजीतनं विचारलं, की बाई, आजवर एवढे देव केलेत, मग इथंच कुठं अडलं? बाई म्हणाल्या, देवांचे डोळे उघडे असतात, बाळा. अर्धे मिटलेले मी कधी केले नाहीत.

पुढं जे घडलं ते एका सकाळी, नऊच्या सुमाराला. धुरपदा मूर्तीवरची गोणपाटं काढून बाहेर आणत होती. ओलसर गारव्याला त्यात साप येऊन बसला होता. तिच्या पायाच्या घोट्यावर चावला आणि शेजारच्या उसात शिरला. फणा काढलेला मी स्वतः पाहिला.

तिचा नवरा जालिंदर आमच्याकडंच गवंडी होता. त्यानं बायकोला उचललं, समितीच्या पिकअपमध्ये ठेवलं आणि मला एका देवळाचं नाव सांगितलं. तिथं नेलं की विष उतरतं, त्याच्या चुलत्याचं उतरलं होतं, असं तो धापा टाकत सांगत होता. मी चावी लावली. खरं सांगायचं तर माझं डोकं चालत नव्हतं. त्यानं म्हटलं असतं तिकडं मी गाडी नेली असती.

सिंधूबाई पिकअपच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या.

"देवळात न्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"बाई, व्हा बाजूला. माझी बायको हाय."

"म्या नेला व्हता माझा नवरा." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "अडीच घंटं बसले त्याला मांडीवर घिऊन. जालिंदर, गाडी दवाखान्यात जाईल. न्हाईतर माझ्या अंगावरनं घाल."

जालिंदरनं माझ्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, आणि मागं बसला. बाईही मागं चढल्या.

हायवेवरच्या सरकारी दवाखान्यात पोचायला चाळीस मिनिटं लागली. मी आरशातून बघत होतो. धुरपदाच्या पापण्या जड व्हायला लागल्या तशा बाईंनी आपल्या अंगठ्यांनी त्या वर उचलून धरल्या आणि दर थोड्या वेळानं एकच म्हणत राहिल्या, नाव सांग. धुरपदा आधी पुरं नाव सांगत होती. मग अर्धं. रेल्वे फाटकापाशी नुसता घशातून आवाज आला. तोवर मला कळलं होतं, त्या दुपारी माझ्या ओठांकडं बाई काय बघत होत्या ते.

दवाखान्यात औषध होतं. सलाईन लागली, बाटल्यांवर बाटल्या गेल्या, मग श्वासाला जड जायला लागलं म्हणून तिला पुण्याला हलवलं, आणि आठव्या दिवशी धुरपदा स्वतःच्या पायांनी वस्तीवर आली. पण त्या सकाळी, तिला पुण्याच्या गाडीत ठेवल्यावर, तरुण डॉक्टरीणबाई आम्हाला चांगलं केलंत म्हणाल्या. पापण्या पडतात ती झोप नसते, ते विष असतं, लोकांना हे कळत नाही, असंही म्हणाल्या. वेळेत आणलं तर बहुतेक माणसं घरी जातात.

"आन् अडीच घंट्यांनी आणलं तर?" सिंधूबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंना त्या अडीच घंट्यांमागचं काय माहीत? त्या म्हणाल्या, तरी आणावं. तेव्हाही पुष्कळ करता येतं.

बाई भिंतीला धरून खाली बसल्या. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. त्या दिवशी मी त्यांना शिक्रापूरला सोडलं आणि त्यानंतर त्या कामावर आल्याच नाहीत.

बारा दिवस झाले. वैशाखातली पौर्णिमा जवळ आली होती. मी आणि आप्पा पुन्हा त्यांच्या खोलीवर गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. दार सारिकानं उघडलं. पहिल्या पाळीला ती पहाटे पाचला बाहेर पडायची, दुपारी येऊन झोपायची. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, की लहानपणापासून तिला कधी सलग झोप मिळालेली नाही. आई उठवते, नाव विचारते. आता गेले बारा दिवस तर आई उशाशीच बसून असते.

बाई आतून आल्या. आप्पांना पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि कुणी न विचारता सांगायला लागल्या.

शिरूर तालुक्यातल्या एका गावात ते दोघं देवळाचं शिखर करत होते. पोपटरावांनी विटांच्या थप्पीत हात घातला आणि साप चावला. गावातला एक जण लगेच जीप घेऊन आला, शिरूरला दवाखान्यात नेऊ म्हणाला. दुसऱ्या कुणी सांगितलं, देवाच्या पायाशी ठेवा. बळजबरी कुणाचीच नव्हती. बायको म्हणून बाईंना विचारलं. ज्या देवाचं शिखर आपण घडवतोय तो आपल्या माणसाला सोडणार नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या म्हणाल्या, देवळातच न्या. जीपवाला उन्हात ताटकळत उभा राहिला. तासाभरानं पोपटरावांच्या पापण्या खाली यायला लागल्या.

"मला वाटलं उतार पडला," बाई म्हणाल्या. "जमलेल्या लोकान्ला म्या म्हनलं, गप ऱ्हावा, त्यान्ला झोप लागतीया. पदरानं वारा घातला. ते काहीतरी बोलत व्हतं, शब्द निघत न्हवता. म्या म्हनलं, झोपा. झोपा आता."

सारिका दाराला टेकून ऐकत होती. बाप साप चावून गेला, एवढंच तिलाही माहीत होतं. ती बाहेर गॅलरीत निघून गेली.

बाई म्हणाल्या, बारा वर्षं मी मनाला सांगत आले, की त्याची वेळच आली होती, कुठंही नेला असता तरी गेलाच असता. त्यावर जगत होते. आता धुरपदा उठून चालायला लागली. चाळीस मिनिटं. शिरूर त्याहून जवळ होतं.

मी आप्पांकडं बघत होतो, ते काहीतरी समजुतीचं बोलतील म्हणून. पण त्यांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "डोळं तसंच ऱ्हाऊ द्या म्हनलात तर तसंच ठिवू, बाई. पर दुसऱ्या कुणाचा हात त्या मूर्तीला लागू देनार न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी सिंधूबाई वस्तीवर आल्या. आप्पांना घरातून बोलावून घेतलं, मूर्तीसमोर सतरंजीवर बसवलं आणि डोळे अर्धे मिटून बसायला सांगितलं. एक अट घातली: त्या मधूनमधून हाक मारतील, आप्पांनी ओ द्यायची. त्या परांचीवर चढल्या. चार दिवस, सकाळपासून उन्हं कलेपर्यंत, विहारात दुसरा आवाज नव्हता.

"आप्पा?"

"हाय."

पुन्हा करणीचा खरखराट, ओल्या स्पंजाचं पाणी टिपकताना व्हायचा आवाज, आणि पुन्हा, "आप्पा?" एका दुपारी आप्पा खरंच पेंगले आणि ओ आली नाही. बाई वरून जवळजवळ पडल्याच. माझ्या हातातलं पाण्याचं भांडं सुटलं. आप्पा दचकून म्हणाले, हाय, हाय. बाईंनी त्या दिवशी पुढं काम केलं नाही, पायरीवर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याची पापणी पुरी केली.

डोळे झाल्यावर त्यांनी आणखी एक केलं, जे आम्ही सांगितलं नव्हतं. मधल्या फण्याचे डोळे खोदून काढले आणि नव्यानं बसवले. आप्पांच्या अल्बममधले सगळे नाग समोर, येणाऱ्याकडं बघतात. बाईंचा मधला नाग नजर वळवून खाली, बुद्धांच्या चेहऱ्याकडं बघतो. सत्यजीत म्हणाला, हे शास्त्राला धरून नाही. आप्पा म्हणाले, असू दे.

पौर्णिमेला भंते आले, वंदना झाली, शिरूरपासून माणसं आली. सत्यजीतला वाटलं होतं तसं झुंबरबाई नावाची आमची एक म्हातारी वाटीत दूध घेऊन आलीच. आप्पांनी ते तिच्याच नातवाला पाजायला लावलं. सिंधूबाई शेवटपर्यंत बाहेर चपलांजवळ उभ्या होत्या. मी आत चला म्हटलं. त्या म्हणाल्या, मला इथून दिसतंय. तिथून त्यांना काय दिसत होतं मला माहीत नाही, कारण दारातून मूर्तीचे नुसते गुडघे दिसतात.

सारिकानं पुढं तळेगावकडं नोकरी बदलली, तिथं दोन मैत्रिणींसोबत खोली घेतली. आईवर ती रागावली का, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दर रविवारी येते, दुपारचं जेवते आणि उजेड असेतोवर परत जाते. आईच्या घरी ती झोपत नाही.

धुरपदा आता सिंधूबाईंबरोबरच कामाला असते. थंडीत तिचा घोटा अजून दुखतो. दोघी मिळून गेल्या हिवाळ्यात शिरूर तालुक्यातल्या त्याच गावी गेल्या. शिखराला तडे गेले होते, दुरुस्तीला बाईंनाच बोलावणं आलं होतं. आपण कुणाला बोलावलंय ते गावातल्या नव्या लोकांना ठाऊक नसावं. पोपटरावांनी केलेल्या नागाची तुटकी शेपटी बाईंनी जोडली, रंग दिला. मी सामान पोचवायला गेलो होतो म्हणून मला दिसलं. शेवटच्या दिवशी देवळासमोर बरीच माणसं जमली होती, पुजारीही होता. बाईंनी हात धुतले आणि त्या सगळ्यांना, न अडखळता, बारा-तेरा वर्षांमागची ती सकाळ सांगितली. जीप कुठं उभी होती ते बोट करून दाखवलं. एक म्हातारा उठून निघून गेला. बाकीचे ऐकत राहिले. शेवटी बाईंनी विचारलं, की साप चावलेल्या माणसाला कुठं न्यायचं ते इथं मोठ्या अक्षरांत लिहू का, अँब्युलन्सचा १०८ नंबर आणि दवाखान्याचं नाव.

पुजारी गाभाऱ्याच्या भिंतीवर नको म्हणाला, बाहेरच्या कमानीवर लिहा, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल. धुरपदानं शिडी धरली आणि बाई लाल रंगाचा डबा घेऊन वर चढल्या.